जुन्या गाडीचं फ्लोअर आणि सीट : खान्देशच्या उन्हापावसात टिकेल असं काम

आमच्या घरी १९८३ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती जळगावला असताना घेतली. धुळे, पारोळा, एरंडोल, भुसावळ या रस्त्यांवर ती इतकी फिरली, की टायरच्या आवाजावरून कोणतं गाव आलं ते आम्ही ओळखायचो. गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, आतला भाग मात्र पार गेला होता. तो नीट करायला मला दोनदा खर्च करावा लागला. पहिल्यांदा मी वरून सुरुवात केली, दुसऱ्यांदा खालून. हा लेख दुसऱ्या वेळच्या कामाचा आहे.

पहिल्या वेळी एका दुकानात गेलो. फ्लोअरला जाड, मऊ, खाली फोम लावलेला गालिचा चिकटवून घेतला आणि सीटवर चकचकीत काळं रेक्झीन चढवलं. दिवाळीत गाडी नवरीसारखी दिसत होती. पुढच्या पावसाळ्यानंतर आत कुबट वास यायला लागला. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचकटला, तर खालचा फोम पाणी प्यायलेल्या पावासारखा झाला होता. पत्र्यावर बोट दाबलं तर पापुद्रा सुटला आणि तीन बोटं जातील एवढ्या भोकातून अंगणातली फरशी दिसली. तो गालिचा भोकावरच चिकटवला होता की भोक नंतर पडलं, ते आता सांगता येणार नाही. पण ते पाणी महिनोन् महिने पत्र्याला धरून ठेवलं ते त्या फोमनेच.

दुसऱ्या वेळी भुसावळच्या एका जुन्या कुशनवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी सीटकडे पाहिलंच नाही. वाकून फ्लोअरवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘पह्यले खाले पाह्य, मंग वर.’

आधी सगळं बाहेर

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बाकीचं. सीटच्या रुळांचे बोल्ट बहुतेक वेळा गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. पाना बसत नसेल तर जोर करू नका. बोल्टचं डोकं गोल झालं की तो कापावाच लागतो, आणि कापताना बाजूचा पत्राही फाटतो. मागची बैठक बऱ्याच गाड्यांत खालच्या पुढच्या कडेने दाबून वर उचलली की सुटते.

प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या. बोल्ट, वॉशर, पट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर मार्करने नाव लिहा. काम आठ दिवसांचं म्हणून सुरू होतं आणि दोन महिन्यांवर जातं. तोवर कोणता बोल्ट कुठला, हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

जुनं काहीही फेकू नका. फाटका गालिचा, चिरलेलं कव्हर, कडेची तुटकी पायपिंग (शिवणीत घालतात ती गोल दोरीची कड), सगळं एका पोत्यात ठेवा. हेच तुमचे नमुने. आमच्या गाडीत पुढच्या बैठकीचं कव्हर उसवलं, तेव्हा खालच्या दुमडीत, जिथे ना ऊन पोचलं ना हात, तिथे मूळ रेक्झीनची चार बोटं रुंद पट्टी निघाली. वरचा रंग मातकट पिवळा झाला होता, तिथला स्वच्छ बिस्किटी होता. वडिलांनी ती पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिले. नवीन रेक्झीनचा रंग आम्ही त्या पट्टीवरूनच जुळवला. तुमच्या गाडीचा मूळ रंग शोधायचा असेल तर असल्याच दुमडीत शोधा.

पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका

एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची. आधी दारांच्या खालच्या कडा, मग दारांची रबरं, मग बॉनेट आणि काच यांच्यामधली जाळी, शेवटी पुढच्या काचेचं रबर. प्रत्येक जागी पाच मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी गळती सापडत नाही.

दाराच्या तळाशी पाणी बाहेर जायला बारीक छिद्रं असतात. आपल्याकडे कपाशीच्या रानातली काळी माती धूळ होऊन आत जाते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि छिद्रं बुजतात. मग दारात साचलेलं पाणी आतल्या पॅडवरून फ्लोअरवर उतरतं. तारेने छिद्रं मोकळी केली की अर्धी गळती थांबते. आमच्या गाडीत दुसरं कारण पुढच्या काचेचं रबर होतं. ते वाळून लाकडासारखं झालं होतं. सिलिकॉन भरून उपयोग नव्हता, रबर बदलावंच लागलं.

फ्लोअरमध्ये रबरी बुचं बसवलेली भोकं असतात, पाणी काढून टाकण्यासाठी. ती बुचं नवीन घ्या, पण भोकं कायमची बुजवू नका.

पत्रा

जुना डांबरी थर पातळ पट्टीने खरवडून काढा. मग जाड स्क्रूड्रायव्हरने सगळा पत्रा टोचत जा. टणक आवाज आला तर ठीक, भसकन आत गेला तर तेवढा भाग कापायचा. सीटचे बोल्ट बसतात ती जागा, दाराखालची आडवी पेटी आणि चारही कोपरे विशेष बघा. पद्मिनी काय किंवा अँबेसिडर काय, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि बॉडी मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून फ्लोअरचं भोक एम-सीलने किंवा फायबरने झाकणं म्हणजे सांगाड्याचं दुखणं लपवणं. तिथे पत्राच लावायचा. सपाट भागाला २० गेजचा चालतो, बोल्टच्या जागेला त्याहून जाड, १८ गेजचा. पूर्ण वेल्ड करून घ्या, नुसते टाके मारून सोडू नका.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी पूर्ण बाहेर काढा आणि पेट्रोलची नळी फ्लोअरखालून कुठून जाते ते स्वतः वाकून बघा. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी बघा. नळी त्या जागेपासून दूर करता येत नसेल तर ती आणि टाकी रिकामी करून काढून ठेवा. अग्निशामक सिलिंडर आणि पाण्याची बादली हाताशी हवी. गालिचा, फोम, रेक्झीन यातलं काहीही तोवर गाडीत नसावं.

पुढचं काम साधं, पण घाई न करता करायचं. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि उरलेल्या डागांवर हातमोजे घालून फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक लावा. ते वाळलं की पुसून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. सांध्यांना सीलर भरा, मग रंग. खालच्या बाजूनेही तेवढंच काम करा, कारण दगडगोट्यांचा मार तिथेच बसतो. प्रायमर पूर्ण वाळायच्या आत वर काही टाकलं तर त्यातला द्रव आतच कोंडतो आणि थर मऊ राहतो. आम्ही गाडी चार दिवस दारं उघडी टाकून ठेवली होती.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू करा, माघापर्यंत उरकेल. आपल्याकडचा हिवाळा कोरडा असतो, रंग आणि गोंद दोन्ही त्यात नीट वाळतात. पावसाळ्यात दमट हवेत प्रायमरखाली पुन्हा गंज धरतो. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात गोंद लावायला घेतला तर ब्रश फिरवेपर्यंत तो वर वाळतो, आत ओलाच राहतो, दोन महिन्यांत सुटतो. शिवाय लग्नसराईत कुशनवाले सोफ्यांच्या कामात बुडालेले असतात.

गालिच्याखाली काय

इथे आपल्या हवामानाचा विचार जास्त करावा लागतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतली हवा साठीच्या पुढे जाते आणि वरून इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरची उष्णता. छतावर मारायची स्वस्त डांबरी पट्टी फ्लोअरला लावली तर ती या उन्हात पाझरते आणि गाडीभर डांबराचा वास राहतो. त्याऐवजी ब्युटाईल रबराची, वर ॲल्युमिनियम लावलेली चिकट शीट घ्या. तीही सगळीकडे नको. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध तुकडे लावले, साधारण पाव ते एक तृतीयांश जागा झाकली, की पत्र्याचा थरथराट जातो. जास्त लावलं तर फक्त वजन वाढतं.

त्यावर उष्णतेसाठी एक थर. पूर्वी नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरी कापड, घालत. तो आवाज छान दाबतो, पण पाणी धरतो. मी नायट्रिल रबराची ६ मिलिमीटरची शीट घातली, एसीच्या डक्टला गुंडाळतात तीच. तिच्यातले बुडबुडे बंद असतात, पाणी शोषलं जात नाही. एसीचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मीटरवर मिळते. चिकटवली नाही, नुसती कापून अंथरली. पावसाळ्यानंतर दरवर्षी उचलून खाली बघता यावं, एवढंच त्यामागचं कारण.

वरचं आवरण निवडताना

आमच्या पद्मिनीत मुळात काळी रबराची मॅट होती. रबराच्या मॅटला लोक आता गरीब समजतात, मला ते पटत नाही. शेतावर गाडी नेणार असाल, चिखलाचे पाय आत येणार असतील, तर चांगल्या जाड रबरी मॅटसारखं काही नाही. पाणी मारलं, पुसलं, झालं. तिच्याखाली मात्र हवा खेळत नाही, म्हणून खालचा पत्रा आधी पक्का हवा.

गालिचाच हवा असेल तर लूपचा घेऊ नका. त्याच्या गुंत्यात आपली काळी माती जाऊन बसते आणि व्हॅक्युमनेही निघत नाही. आखूड, कापलेल्या केसांचा घ्या. धाग्यांत नायलॉन सगळ्यांत लवचीक, चप्पल घासून घासूनही पुन्हा उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, डाग धरत नाही, पण दबला की दबलेलाच राहतो आणि सायलेन्सर जवळून जात असेल तिथे उष्णतेने कडक होतो. दाबून केलेला न विणलेला गालिचा बोनेटच्या बाजूला, गिअरच्या उंचवट्यावर कामी येतो, कारण तो ताणून वळवता येतो. पायाखाली तो लवकर विरतो.

दुकानात तीन गोष्टी करून बघा. तुकडा उलटा दुमडा. केसांच्या मधून खालचं कापड ठळक दिसलं तर वीण विरळ आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्या पावसाळ्यात तो तुमच्या पँटला लागेल. आणि पाठीमागचा थर नखाने खरवडा. भुगा पडला तर उन्हाळ्यात तो सगळाच गळेल.

मापासाठी खाकी कागद जोडून फ्लोअरवर पसरा, हाताने दाबत कडा उमटवा आणि कापा. गिअरच्या उंचवट्यासाठी कागद पुरत नाही, तिथे जुनं धोतर किंवा चादर अंथरून खडूने रेघा मारा. गालिच्यावर माप ठेवताना केसांची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच ठेवा, नाहीतर एकच रंग दोन छटांचा दिसतो. कडेला दोन सेंटिमीटर जास्त सोडा. तुकडे गाडीत बसवून बघितल्यावर शेवटचं कापायचं, मग कडांना रेक्झीनचा गोट मारून घ्यायचा.

सीटच्या बोल्टची भोकं गालिच्यात ड्रिलने कधीही पाडू नका. धागा ड्रिलला गुंडाळला जातो आणि क्षणात एक ओळच्या ओळ उसवून निघते. खालून सुईने जागा शोधा, गालिचा बाहेर काढा आणि सोल्डरिंगच्या गरम टोकाने भोक पाडा. नायलॉनच्या कडा वितळून बंद होतात.

चिकटवायचं फक्त गिअरच्या उंचवट्यावर. पायाखालचे तुकडे सुटे राहू द्या, पण सरकणार नाहीत असे बटणांनी अडकवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा, क्लच आणि ब्रेकही. एकाही पेडलला गालिचा किंवा मॅट जराही अडत असेल तर तो तुकडा पुन्हा कापा. यात ‘चालेल’ म्हणायचं नाही.

सीट : आराम रेक्झीनच्या आत असतो

कव्हर काढताना फाडू नका, ब्लेडने शिवण उसवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव आणि पुढची दिशा लिहा. आत सांगाडा, स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, काथ्या किंवा जुना फोम असे थर दिसतील. आमच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या आणि त्यांच्या टोकांनी गोणपाट फाडून फोमला भोकं पाडली होती. इतकी वर्षं वडील डावीकडे कलून गाडी का चालवायचे, ते मला तेव्हा कळलं.

स्प्रिंगा बदला, सांगाड्याच्या भेगा वेल्ड करा, रंग द्या. स्प्रिंगांवर नवीन गोणपाट ताणून बांधा. हा थर वगळून सरळ फोम टाकणारे बरेच आहेत, आणि तो फोम वर्षभरात स्प्रिंगांनी किसला जातो. काथ्याची गादी चांगली राहिली असेल तर तीच उन्हात वाळवून, झटकून वापरा. आपल्या उकाड्यात काथ्यातून हवा खेळते, जाड फोममधून तेवढी खेळत नाही.

फोमची घनता (एका घनमीटरला किती किलो) बैठकीला ४०, पाठीला ३२ घ्या. दुकानदार ४० सांगून काहीही देतो, म्हणून वजन करा. ६ फूट बाय ३ फूट, २ इंच जाडीची शीट ४० घनतेची असेल तर साधारण ३ किलो ४०० ग्रॅम भरते, ३२ची असेल तर २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. काटा खोटं बोलत नाही. वर अर्ध्या इंचाचा मऊ थर पुरे. आणि मूळ उंचीपेक्षा सीट वर नेऊ नका. दोन इंच वर गेलात की डोकं छताला, मांडी स्टिअरिंगला लागते आणि क्लच दाबताना पाय लोंबतो.

आता वरचं कापड. रेक्झीन हे नाव मूळ इंग्लंडमधल्या एका कृत्रिम चामड्याचं. आज आपण ज्याला रेक्झीन म्हणतो ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेलं असतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जो द्रव घालतात, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. काळ्या रेक्झीनच्या बाबतीत हे आणखी लवकर होतं, ते कडक होतं आणि शिवणीजवळ तडकतं. माझं पहिलं काळं रेक्झीन दुसऱ्याच उन्हाळ्यात असं तडकलं. खान्देशात बिस्किटी, मोतिया किंवा फिकट राखाडी घ्या. जाडी १ ते १.२ मिलिमीटर, मागे विणलेल्या होजियरीसारखं ताणणारं कापड असलेलं. ते गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. खरं चामडं सुंदर दिसतं, पण आपल्या कोरड्या उन्हात त्याला वेळोवेळी क्रीम लावायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

माझी निवड विचाराल तर कडा आणि पाठीमागे रेक्झीन, बसायच्या मधल्या भागात जाड सुती कापड. कपाशीच्या मुलखात राहून दुपारी रेक्झीनवर घामेजून का बसायचं? मूळ रूप जसंच्या तसं हवं असेल तर सगळं रेक्झीन करा आणि वर काढता येणारी पांढरी सुती खोळ घाला, जुन्या सरकारी अँबेसिडरमध्ये असायची तशी. ती धुवायला निघते आणि खालचं रेक्झीनही उन्हापासून वाचतं.

५४ इंची पन्ह्याचं रेक्झीन आम्हाला दारांच्या पॅडसकट ९ मीटर लागलं. एक मीटर जास्त घ्या, त्याच गुंडाळीतलं.

शिवणीत तीन गोष्टींवर अडून बसा. धागा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, सुती नको. तो उन्हाने कुजतो. टाका ४ ते ५ मिलिमीटरचा. बारीक टाके घातले तर रेक्झीन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. पायपिंगच्या आत प्लॅस्टिकची दोरी, सुतळी नको; सुतळी भिजून आक्रसते आणि कड वेडीवाकडी होते. उभ्या पट्ट्यांचं डिझाईन असेल तर प्रत्येक पट्टी थोडं कापड खाते. म्हणून आधी पट्ट्या शिवा, मग त्या तुकड्यावर माप ठेवून कापा. घरच्या मशिनवर हे काम होत नाही, जाड कामाचं मशीन असलेल्याकडेच द्या.

कव्हर चढवायचा दिवस उन्हाचा निवडा. चाचांनी शिवलेली कव्हरं अर्धा तास गच्चीवर पसरली, हाताला कोमट लागली तेव्हा आणली. फोमवर पातळ प्लॅस्टिक टाकलं म्हणजे कव्हर घसरत पुढे जातं. मग पुढच्या कडेचा मध्य आधी अडकवला, त्याच्या समोर मागच्या कडेचा मध्य, मग दोन्ही बाजूंचे मध्य, कोपरे सगळ्यांत शेवटी. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या रिंगा दर तीन बोटांवर, पक्कडीने दाबून. कुठे सुरकुती राहिली तर हेअर ड्रायरने कोमट करून तळव्याने चोळायची. गॅसची ज्योत किंवा इस्त्री रेक्झीनजवळ आणायची नाही.

सीट बसवताना रुळांना ग्रीस लावा, बोल्ट हाताने चार आटे फिरवून मगच पाना लावा. सीटबेल्ट असतील तर ते मूळ मजबूत जागेवरच कसा, गालिच्याच्या वरून नाही. सीट पुढे-मागे करून तिचा खटका प्रत्येक खाचेत पक्का बसतो का ते बघा. साधारण पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा कसा, कारण खालचा गालिचा तोवर दबलेला असतो.

पुसायला रिठ्याचं पातळ पाणी आणि मऊ सुती फडकं पुरे. चकाकीचं तेलकट पॉलिश लावू नका, त्यावर धूळ बसते आणि सीट निसरडी होते. उरलेलं एक मीटर रेक्झीन घडी घालून ठेवू नका, घडीवर ते तडकतं; नळीवर गुंडाळून, सुती कापडात बांधून माळ्यावर ठेवा. आमचं तसं ठेवलं आहे, आणि त्याच गुंडाळीत ती चार बोटांची मूळ पट्टीही आहे.